ताईची गाडी आणि गल्लीचा जावई

गॅरेजच्या त्या गल्लीत ताईला ताई न म्हणणारा माणूस सापडायचा नाही. टायरवाले काका म्हणजे तिच्या वडिलांबरोबर पत्ते कुटलेले गृहस्थ, पण तेही तिला ताईच म्हणत. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम, आणि इंजिनाचा विषय निघाला की कुणाच्या बापाचं न ऐकणारी बाई. तिच्या मते कंपनीतून आलेलं इंजिन म्हणजे तयार विकत घेतलेला सदरा. अंगात जातो, पण अंगावर बसत नाही. तो बसवून द्यायचं काम आपलं, असं ती गिऱ्हाइकाला सांगायची आणि गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत बॉनेट उघडायची.

तिची स्वतःची गाडी बघणाऱ्याला हमखास फसवायची. ठेंगणी, जुनाट, रंग उडालेली, पोरांना शाळेत सोडण्यापलीकडे कशालाच उपयोगी नाही अशी दिसायची. आत मात्र ताईने एक भाग जागचा ठेवला नव्हता. इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो तिने मोडीत निघालेल्या एका मोठ्या गाडीतून काढून बसवला होता. धुराचे पाइप वेल्डरमामाकडून हवे तसे वळवून घेतले होते. आणि आवाजाचं तर विचारूच नका. सिग्नलला उभी राहिली की ती गाडी दुडूक, दुडूक, दुडूक करायची आणि शेजारच्या आलिशान गाडीतला माणूस काच खाली करून बघायचा. ताई त्याच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. तो बघतोय एवढं तिला ठाऊक असायचं आणि तिचा दिवस छान जायचा.

आता असल्या गाड्या धुराच्या तपासणीत पास कशा होतात, हा प्रश्न कुणालाही पडेल. गल्लीला तो कधी पडला नाही, कारण गल्लीकडे जावई होता. जावई म्हणजे एक सायलेन्सर. कंपनीचा, अस्सल, पोटात धूर शुद्ध करणारी जाळी शाबूत असलेला. ज्याच्या गाडीची तपासणी असेल त्याने तो न्यायचा, लावायचा, गाडी पास करून आणायची, आणि जावयाला पुसूनबिसून पुढच्या घरी पोचवायचं. पाहुणा एका दिवसाचा, पण थाट असा की त्याला जमिनीवर टेकवायचं नाही, गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवायचं. वेल्डरमामा तर गल्लीतल्या प्रत्येक गाडीला एकाच मापाचा जोड करून द्यायचा, म्हणजे जावई कुठल्याही घरी गेला तरी चार बोल्टांत बसावा.

ही सोय ताईलाही वर्षानुवर्षं पुरली. मग तिचा धाकटा भाऊ तपासणी केंद्रात निरीक्षक म्हणून लागला.

आई लवकर गेल्यामुळे धाकट्याला ताईनेच वाढवलेलं. खाली वडिलांचं गॅरेज, वर राहायच्या खोल्या, मधे जिना. खाली इंजिन सुरू झालं की धूर जिन्याने वर चढायचा आणि धाकटा खोकून खोकून जांभळा पडायचा. ताई दाराखालच्या फटीत ओली फडकी कोंबायची, त्याच्या पाठीवरून हात फिरवायची आणि खाली जाऊन तेच इंजिन पुन्हा सुरू करायची, कारण घर त्याच्यावर चालत होतं. त्या पोराने मोठं होऊन नेमकी धूर मोजायची नोकरी धरावी, याचं गल्लीला फार हसू आलं. ताईला आलं नाही.

नोकरी लागल्यापासून त्याचं घरी येणं कमी कमी होत गेलं. आधी म्हणे दमायला होतं, मग म्हणे नवं घर लांब पडतं, मग कारण सांगणंही थांबलं. फोन करायचा, जेवलीस का विचारायचा, पण त्या जिन्यावर पाऊल टाकायचा नाही. तो का येत नाही हे ताईला न सांगता कळत होतं. जावई एवढ्या गाड्यांच्या पोटाला लागून धाकट्यासमोरून गेला होता की त्याच्यावरचा पोचन्‌पोचा त्याला पाठ असणार. यंत्र पास म्हणायचं म्हणून त्यालाही पास म्हणावं लागायचं. आणि ही फसवणूक ज्या गल्लीतून येते तिथेच आपली बहीण राहते, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. ताईलाही ते आताशा जेवताना आठवायचं, आणि मग जेवण जायचं नाही.

एक दिवस ती सगळ्या गल्लीसमोर बोलून बसली.

"या वेळी माझी गाडी जावयाशिवाय जाणार. टर्बोसकट, सगळ्यासकट, आहे तशी."

वेल्डरमामाने तोंडावरची काच वर केली. "आणि नापास झाली तर?"

"होणार नाही."

आता नवा नियम असा आला होता की इंजिनात फेरफार केलेली गाडी मुदतीच्या आत पास झाली नाही, तर तिचा नंबर रद्द आणि गाडी थेट भंगाराच्या दाबयंत्रात. म्हणजे ताईने गाडीही पणाला लावली होती आणि शब्दही. पण खरं म्हणजे तिला त्या जिन्यावर धाकट्याची पावलं ऐकायची होती. हे ती कुणाला बोलली नाही, तरी अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

पहिल्या खेपेला गाडी सपशेल आपटली. चूक ताईच्या स्वभावातच होती. इंजिनाला उपाशी ठेवायचं नाही, या हिशेबाने ती पेट्रोल सढळ हाताने पाजायची, आणि जास्तीचं पेट्रोल अर्धवट जळून विषारी धूर व्हायचा. ती घरी आली, लॅपटॉप गाडीला जोडला आणि एकेका वेगाला किती पेट्रोल जावं ते नव्याने बसवलं. दुसऱ्या खेपेला पळत्या गाडीचा धूर पास झाला, पण उभ्या गाडीचा नापास. यावर तिने बराच काळ डोकं खाजवलं. मग एका सकाळी दात घासता घासता तिला उलगडा झाला आणि ती ब्रश तोंडात धरूनच जिना उतरली.

तो दुडूक दुडूक आवाजच चोर होता. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा ताईने असा घासून घेतला होता की इंजिनाचं पुढचं आणि मागचं दार क्षणभर एकदमच उघडं राहायचं. गाडी सुसाट असताना त्याचा फायदा. गाडी उभी असताना मात्र न जळलेलं पेट्रोल पुढच्या दाराने आत यायचं आणि मागच्या दाराने तसंच निघून जायचं. ज्या आवाजाची सगळ्या शहराने काच खाली करून दखल घेतली होती, तो नुसता वाया चाललेल्या पेट्रोलचा आवाज होता.

दांडा बदलताना ताईच्या जिवावर आलं. टायरवाले काका म्हणाले की आवाज गेला तर गाडीत राहिलं काय. पण नवा दांडा बसला, ताईने टर्बोची हवा नव्याने जुळवली, सायलेन्सरच्या पोटात इंजिनाकडच्या तोंडाशी नवी जाळी घातली, किल्ली फिरवली, आणि गाडी चालू झाली की नाही हे बघायला वेल्डरमामाला बॉनेटवर हात ठेवावा लागला. ताईने धूर मोजायचं आपलं यंत्र मागे लावलं. आकडा खाली, आणखी खाली, जवळजवळ तळाला. तिने यंत्राला चापट मारली. आकडा हलला नाही. मग ती गाडी घेऊन घाटाच्या चढावर गेली, आणि परत आली तेव्हा तिचे केस पिंजारलेले होते आणि हसू कानापर्यंत पोचलं होतं. गाडी आधीपेक्षा जोरात ओढत होती. धूर निम्म्याच्या निम्मा आणि ताकद जास्त. एवढी वर्षं आपण इंजिनाला नुसतंच आरडाओरडा करायला लावत होतो, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली. दूधवाल्यालाही सोडलं नाही.

मुदतीचा शेवटचा दिवस शनिवारी येत होता आणि शनिवारी केंद्र दुपारीच बंद व्हायचं. सकाळी ताई अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, केसांना तेल लावून खाली उतरली. वेल्डरमामा आणि काका गाडीपाशी उभे होते. दोघांचे हात काळे आणि चेहरे साळसूद. गाडी पुसून ठेवली म्हणाले. ताई एवढ्या घाईत होती की पुसलेल्या गाडीवर बोटांचे ठसे कसे, हे तिच्या लक्षात आलं नाही.

वाटेत तिला काहीतरी खटकत होतं. गाडी ओढत होती, पण मन मारून. तिने मनाची समजूत घातली की ही धास्ती आहे, गाडीला काही झालेलं नाही. केंद्राबाहेरच्या रांगेत मात्र गाडी उभी राहिली आणि ताईचे कान टवकारले. मागून बारीक खुळखुळ येत होती. पुढे सरकली, खुळखुळ. थांबली, खुळखुळ. तो आवाज तिच्या गाडीचा नव्हता. ती उतरली, इस्त्रीच्या कपड्यांनिशी भर रस्त्यात पाठीवर झोपली आणि गाडीखाली सरकली. वर तिच्या नाकासमोर जावई होता.

तिने तिथूनच, पडल्या पडल्या, वेल्डरमामाला फोन लावला. मामा मोठ्या कौतुकाने म्हणाला की तू शब्द दिलास, आम्ही थोडाच दिलाय. शेवटची संधी, गाडी जाईल, तू रडशील, हे आम्हाला बघवणार नाही. म्हणून तू अंघोळीला गेलीस तेवढ्यात काम उरकलं. आता निर्धास्त जा. ताईने त्याला विचारलं की जावयाच्या पोटात खुळखुळ कसली. पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग काकांचा आवाज आला, पार खालच्या पट्टीतला. मागच्या खेपेला त्यांच्या गाडीखाली असताना जावई गतिरोधकावर दणकून आपटला होता. तेव्हापासून आत काहीतरी वाजतं. जावयाला आपण दुखावलं हे कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून ते मूग गिळून बसले होते.

म्हणजे जाळीचा आत चुरा झाला होता. ज्या जावयाने सगळ्या गल्लीला तारलं, तो आज ताईला बुडवणार होता. आणि बुडवलं नसतं तरी काय? यंत्राने पास म्हटलं असतं, धाकट्याने खाली वाकून ते ओळखीचे पोचे बघितले असते, आणि ताईच्या तोंडाकडे न बघता पास म्हटलं असतं. त्यापेक्षा दाबयंत्र परवडलं.

"माझा सायलेन्सर घेऊन या," ती म्हणाली. "आत्ता. उडत या."

तिने गाडी रांगेतून बाहेर काढून कडेला लावली. रांगेतल्या टॅक्सीवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं की काय झालं बाई. तिने एका वाक्यात सांगितलं आणि तो आपला जॅक घेऊन उतरला. त्याच्या मागे भाजीचा टेम्पोवाला ओली पोती घेऊन आला, कारण जावई तापून लाल व्हायचा बाकी होता. ताई गाडीखाली, टॅक्सीवाला जॅकवर, आणि रांगेतले बाकीचे लोक सल्ले द्यायला. पहिले तीन बोल्ट मुकाट्याने निघाले. चौथा हटून बसला. ताईने त्याला असं काही सुनावलं की टेम्पोवाल्याने आपल्या बायकोला गाडीत जाऊन बसायला सांगितलं. बोल्ट निघाला.

एवढ्यात स्कूटर आली. काका चालवत होते, आणि मागे वेल्डरमामा ताईचा सायलेन्सर तान्ह्या बाळासारखा मांडीवर आडवा धरून बसला होता. मामा सरळ गाडीखाली सरपटला. जावई फुटपाथवर ओल्या पोत्यात वाफा टाकत पडला होता. नेमका त्याच वेळी काकांना फाटकात धाकटा दिसला. निरीक्षकाच्या गणवेशात, हातात फाटक बंद करायची साखळी, इकडेच बघत उभा. काकांना दुसरं काही सुचलं नाही, जावई लपवायला ते त्याच्यावर बसले, आणि दुसऱ्या क्षणाला आपल्या वयाला न शोभेल असे उडाले.

धाकटा हसला नाही. तो तिथेच उभा राहिला. सायलेन्सर बदलणारे लोक त्याने या रस्त्यावर पुष्कळ पाहिले होते. कोपऱ्यावरच्या झाडाखाली, भिंतीच्या आडोशाला, सगळे जावई लावताना. फाटकासमोर, भर उजेडात, जावई काढताना त्याने आजवर कुणालाच पाहिलं नव्हतं. त्याने घड्याळ बघितलं आणि फाटक न लावताच साखळी खांबावर अडकवली.

ताई गाडीखालून निघाली तेव्हा इस्त्रीच्या कपड्यांचं पोतेरं झालं होतं. पण आता नवी अडचण. तिचा सायलेन्सर सकाळभर फळीवर पडून गार झाला होता, आणि गार जाळी धुराला हात लावत नाही. ती तापवायची तर गाडी पळवायला हवी, आणि पळवायला वेळ नव्हता. ती गाडीत बसली. धाकट्याकडे बघायचं तिने टाळलं आणि गाडी उलट्या दिशेला काढली.

केंद्रामागचा मोठा रस्ता शनिवारी रिकामा असायचा. ताईने गिअर टाकला, पाय दाबला, आणि टर्बोने श्वास ओढला तशी ती सीटमध्ये मागे रेलली. खुळखुळ नाही, दुडूक नाही, नुसती एक लांब, गोल, तृप्त घरघर. दिव्याचे खांब मागे मागे पळायला लागले. वळणावर तिने एक गिअर उतरवला, गाडीने मान हलवली नाही, वळण सुटताच पुन्हा तीच ओढ. ताई एकटीच मोठ्याने हसली. तिच्या हातून आजवर जेवढी इंजिनं गेली, त्यातलं हे सगळ्यात चांगलं होतं, हे तिला त्या वळणावर कळलं. पास होवो न होवो, हे खरं होतं. पाइप तापल्याचा वास आला तशी ती माघारी फिरली.

फाटक अजून उघडं होतं. आत फक्त एक मार्गिका चालू होती आणि तिच्यावर धाकटा होता. कुठली गाडी कुणापुढे जाणार ते संगणक ठरवायचा आणि सगळ्यावर कॅमेरा असायचा, त्यामुळे बहीण-भाऊ असण्याला तिथे अर्थ नव्हता. यंत्राला ना बहीण ना भाऊ.

"मॅडम, गाडी रोलरवर घ्या," धाकटा म्हणाला.

ताईने घेतली. त्याने खाली आरसा सरकवला आणि पोट तपासलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग सायलेन्सरच्या तोंडात नळी घातली. भिंतीवरच्या पडद्यावर एक तांबडी रेघ होती, आणि तिच्याखाली एक पट्टी चढायला लागली. उभ्या गाडीची चाचणी. पट्टी चढली, रेघेच्या निम्म्यावर आली, डळमळली, आणि खाली बसली. ताईने श्वास सोडला नाही. मग चाकांखालचे रोलर फिरले, धाकट्याने हाताने वेग वाढवायची खूण केली, आणखी, आणखी. टर्बो जागा झाला. पट्टी उसळली आणि रेघेला भिडते की काय अशी वर गेली. फाटकाबाहेर काका, मामा आणि टॅक्सीवाला गजांना धरून उभे होते आणि तिघांचीही तोंडं उघडी होती. पट्टी रेघेच्या बोटभर खाली थांबली. थांबली ती थांबलीच. आणि मग घसरत घसरत तळाशी गेली.

पडदा हिरवा झाला.

बाहेर जो गलका झाला त्यावरून कुणाला वाटावं की टॅक्सीवाल्याचीच गाडी पास झाली. धाकट्याने नळी काढली, गुंडाळली, जागेवर टांगली. यंत्र बंद केलं. कॅमेऱ्याचा दिवा विझला.

"पास," तो म्हणाला. "गाडी पुढे घ्या मॅडम."

एवढंच. ताईने मान डोलावली. तिला वाटलं होतं तो काहीतरी बोलेल, आता वाटलं, बरोबर आहे, कामावर आहे तो. तिने गाडी शेडच्या पलीकडच्या टोकाला घेतली आणि कपड्यांवरची धूळ झटकत बसली, उगाचच. मागे शटर पडल्याचा आवाज आला. मग गाडीचं डावीकडचं दार उघडलं, आणि धाकटा टोपी हातात घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला.

तो समोर बघत होता. खिडक्या उघड्या होत्या, इंजिन चालू होतं, शेडमध्ये कोंडलेली हवा सगळीकडून आत येत होती. तो त्या हवेत शांत श्वास घेत होता.

"ड्यूटी संपली माझी," तो म्हणाला. "घरी सोडतेस?"

ताईने त्याच्या नव्या घराकडे जायचा रस्ता मनात आठवला. "कुठून घेऊ? पुलावरून की खालून?"

"तिकडे नाही गं ताई. आपल्या घरी."

ताईने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गॅरेजमध्ये जन्म गेलेल्या त्या बाईच्या हातून गाडी जागच्या जागी बंद पडली.